सापाच्या काती आणि नांगे हवालदार

बाळांनो, मांडी घालून बसा आणि नाकातलं बोट काढा. एका जंगलात एक साप शिरला. हे जंगल शिरपतराव नावाच्या गृहस्थाच्या पोटात होतं आणि सापाचं नाव होतं कावीळ-ब. तो थेट यकृत नावाच्या डोंगरात बीळ करून बसला.

जंगलात पहाऱ्याला अँटिबॉडी जातीचे खेकडे होते. खेकड्याने एकदा नांगीत धरलं की तो सोडत नाही. सापाला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो बसल्या जागी काती टाकायचा. एक झाली की दुसरी. रिकाम्या काती ओढ्यातून वाहायच्या, खेकडे त्यांच्यावर तुटून पडायचे आणि मिठी मारून तसेच वाहत जायचे.

ओढ्याच्या टोकाला मूत्रपिंड नावाची जाळी होती. तिथे दामूअण्णा कासव जन्मभर पाणी गाळत आला होता. आता जाळीत कात-खेकड्यांचे गुंतेच गुंते अडकले. पाणी तुंबलं. जाळी फाटली तर जंगल मरणार, हे अण्णाला ठाऊक होतं.

तो खेकड्यांच्या म्होरक्याकडे, नांगे हवालदाराकडे गेला.

"साहेब, पोरांना जरा सोडायला सांगा. ती नुसती टरफलं आहेत."

"वास सापाचा आहे ना?"

"आहे."

"नक्षी?"

"तीही आहे, पण आत साप नाही हो."

"अण्णा, तुम्ही पाणी गाळा. आम्हाला शिकवू नका."

"आणि डोंगरात बसलाय तो?"

"तो बाहेर येत नाही. आम्ही काय करणार? इथे धरलेल्या सापांना ठेवायला जागा नाही."

अण्णाने कपाळावर हात मारला आणि परत आला. मग तो स्वतःच जाळीत शिरला. तोंडाने ओढून ओढून त्याने गुंते सोडवले. पाठ सोलवटली, पण पाणी पुन्हा झुळझुळू लागलं. म्हाताऱ्याला रडूच आलं.

तेवढ्यात नांगे हवालदार पाहणीला आला. त्याने अण्णाला हुंगलं.

"याला सापाचा वास येतोय."

"अहो, मी साफसफाई करत होतो."

"सगळे साप असंच म्हणतात," हवालदार म्हणाला. साप आजवर त्याच्याशी एक शब्द बोलला नव्हता.

शंभर खेकडे अण्णाला चिकटले. तो त्यांच्यासकट जाळीवर कोसळला आणि जाळी फाटली. दुसऱ्या दिवशी शिरपतरावांचं तोंड भोपळ्यासारखं सुजलं. जंगलात मात्र हवालदाराचा सत्कार होता. सर्वांत मोठा साप त्यानेच धरला होता.

तात्पर्य : घाण काढणाऱ्याच्या अंगाला घाणीचा वास येतो. म्हणून बाळांनो, मोठेपणी साप व्हा. तेवढी अक्कल नसेल तर हवालदार व्हा. पण जाळी साफ करायला जाऊ नका.