चीफसाठी समुद्र

चीफ "बघू" म्हणाले की त्यांची उजवी भुवई डावीपेक्षा तीन मिलिमीटर वर जायची. हे निरीक्षण त्यांच्या मुलीचं, त्यामुळे चुकायची शक्यता कमीच. ती पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची, आणि दशांश चिन्हापुढचे दोन आकडे पाहिल्याशिवाय तिचा कशावरही विश्वास बसत नसे. तिथे सगळे तिला दशांशबाई म्हणत. दीड वर्ष झालं, ती भुवई काही खाली येत नव्हती.

चीफ सत्तरी ओलांडलेले. उभं आयुष्य जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलं, चीफ इंजिनियर म्हणून निवृत्त झाले आणि घरीदारी चीफच राहिले. बायको गेल्यापासून शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर एकटे असत. एकदा जिन्यात पाय घसरला आणि तासभर पायरीवर बसून राहिले. ही बातमी त्यांनी लेकीला तीन आठवड्यांनी दिली, तीही हवापाण्याच्या गप्पांत! तेव्हापासून तिचं एकच टुमणं होतं, "बाबा, आमच्याकडे राहायला या," आणि त्यांचं एकच उत्तर, "बघू."

युक्ती काढली ती तिच्या नवऱ्याने. तो ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा. शेजारच्या सीटवर बसून वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक दाबल्यामुळे त्याचा उजवा पाय आता स्वतंत्र विचार करत असे.

"अगं, समुद्रावरच्या माणसाला समुद्र दाखव! मागच्या खोलीत खाऱ्या पाण्याची टाकी ठेवू. जिवंत प्रवाळ, रंगीत मासे! पहिल्या महिन्यात टाकी, दुसऱ्यात मासे, तिसऱ्यात चीफ! लिहून ठेव!"

तिने खरंच लिहून ठेवलं. मग त्याखाली तक्ता आखला. कुठली टाकी, कुठला पंप, दिवे कोणते, पाणी गार ठेवायचं यंत्र कोणतं, आणि स्किमर कोणता. स्किमर म्हणजे पाण्यातली घाण फेसात पकडून वरच्या वाटीत काढणारा नळकांड्यासारखा प्रकार. तक्त्यात सोळा रकाने झाले, मग एकतीस. मासेवाला दुकानदार तर तिला लांबून येताना पाहिलं की आत जाऊन पाणी पिऊन यायचा.

"बाई, अहो, हा पंप घ्या. सगळे हाच घेतात."

"सगळे घेतात हा पुरावा नाही," ती म्हणायची. "तासाला नक्की किती लिटर? किती उंचीवर?"

"आता लिटर मोजायला मी काय टाकीत बसलोय का!"

दर रविवारी चीफ सल्ला द्यायला येत. तक्ता डोळ्यांजवळ धरून एकेका यंत्राची सालटी काढत. "हा पंप? याच्यापेक्षा माझा दाढीचा ब्रश जास्त पाणी उडवतो!" "हे दिवे? माशांचं ऑपरेशन करायचंय का?" मग चहा पीत, भुवई वर करत, आणि शेवटच्या बसने घरी जात. असे आठ महिने गेले. नवऱ्याच्या हिशेबात चीफ एव्हाना येऊन जुने व्हायला हवे होते.

"माझ्या लक्षात आलंय," एका रविवारी बस गेल्यावर तो म्हणाला. "निवड चालू आहे तोवर त्यांना उत्तर द्यायला नको. आणि तुला विचारायला नको!"

दशांशबाईंनी तक्ता पुढे ओढला. अचूक निदानावर वाद घालायची त्यांना सवय नव्हती. टाकी उभी राहिली आणि बाबा तरीही नाही म्हणाले तर? त्यापेक्षा बत्तिसावा रकाना बरा.

शेवटी नवऱ्याने डोळे मिटून तक्त्यातल्या प्रत्येक यंत्राच्या एका नावावर बोट ठेवलं, ती नावं दुकानदाराला वाचून दाखवली आणि सगळं घरी आणलं. मागच्या खोलीत, पलंगासमोर टाकी उभी राहिली. तिच्या पोटाखाली कपाटात दुसरी, लहान टाकी. वरचं पाणी खाली उतरायचं, खाली स्किमरमध्ये साफ व्हायचं, आणि पंप ते पाइपने परत वर चढवायचा. मासे अजून यायचे होते. दशांशबाईंनी मीठ तोलून घातलं, लिटरला पस्तीस ग्रॅम. पंप चालू करून दोन्ही टाक्या काठोकाठ भरल्या आणि पाण्याच्या पातळीवर काळ्या शाईने बारीक रेघा मारल्या. दोन दिवस पाणी रेघेवरून केसभर हललं नाही. एवढं समाधान तिला लग्नातही झालं नव्हतं.

रविवारी चीफ आले. हात मागे बांधून त्यांनी टाकीला एक फेरी मारली.

"हं."

आठ महिन्यांतला सगळ्यांत चांगला शेरा होता हा! नवऱ्याने तिला कोपराने ढोसलं. आता बोल! तिने घसा साफ केला. पण पंपाची घरघर चालू होती, आणि चीफना घरघरीत नीट ऐकू येत नसे. दीड वर्षाचा प्रश्न असा अर्धवट ऐकू जायला नको, म्हणून तिने वाकून पंपाचं बटण बंद केलं.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही इथेच..."

कपाटातून खळखळ ऐकू आली.

पंप थांबला होता, पण पाइप पाण्याने भरलेला होता. त्याचं वरचं तोंड टाकीच्या तळाशी, म्हणजे वरची अख्खी टाकी त्यातून उलटी खाली निघाली! खालची आधीच काठोकाठ, अगदी रेघेपर्यंत. पाणी कपाटाच्या दारातून बाहेर आलं. पाणी वाढलं तसा स्किमरही पिसाळला आणि उतू गेलेल्या दुधासारखा फेस ओकू लागला.

"ब्रेक!" नवरा ओरडला आणि उजवा पाय जमिनीवर आपटला. पाणी भिंतीपर्यंत उडालं. मग तो धावत गेला आणि भिंतीवरची सगळी बटणं बंद केली. पंखा थांबला. दिवे गेले. पाणी मात्र येतच होतं.

"सगळं बंद केलं तरी चालूच आहे!"

"अरे, बंद केलं म्हणूनच चालू आहे!" चीफ गरजले.

तेवढ्यात दारावर धडाधड थापा. खालच्या मजल्यावर दिवसभर व्हायोलिन वाजवणाऱ्या व्हायोलिनबाई उघडी छत्री घेऊन उभ्या होत्या.

"तुमचा नळ गळतोय! आणि पाणी खारट आहे! मी चाखून पाहिलं!"

"पस्तीस ग्रॅम प्रति लिटर," दशांशबाईंच्या तोंडून आपोआप निघालं.

मागे वळून पाहते तर चीफ पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ओल्या स्टुलावर चढलेले!

"बाबा, खाली उतरा! पडाल!"

"पाय धर आणि गप्प राहा!"

तिने दोन्ही हातांनी त्यांचे पाय घट्ट धरले. चीफनी शर्टासकट खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला आणि पाइपचं तोंड खेचून पाण्याबाहेर काढलं. पाइपने मोठा आवंढा गिळला, आणि सगळं शांत झालं. फक्त छत्रीवरून थेंब पडत होते.

"पाणी पंप चालू असताना मोजलंस," चीफ स्टुलावरूनच म्हणाले. "बंद असताना मोजलंस का?"

प्रयोगशाळेत बावीस वर्षं झाली होती. ती खाली मान घालून म्हणाली, "नाही."

व्हायोलिनबाईंना पुसायची फडकी आणि माफी, दोन्ही देऊन नवऱ्याने खाली पोचवलं. चीफ पलंगाच्या कोरड्या कोपऱ्यावर बसले. बाही पिळली.

"बाबा, हे सगळं तुम्ही राहायला यावं म्हणून..."

"पहिल्याच रविवारी कळलं होतं मला. पलंगासमोर टाकीची जागा कोण मोजतं?" त्यांनी ओल्या हाताने पलंगावर थाप मारली. "म्हणूनच येत नव्हतो. म्हटलं, इथे मासे आणि मी. दोघांना वेळेवर खायला घालाल आणि काचेबाहेरून बघत बसाल, पोहतोय की उलटा तरंगतोय!"

तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी.

"आता चित्र वेगळं दिसतंय," चीफ म्हणाले. "पाइपचं तोंड वर घ्यायला हवं, पाण्याच्या रेघेच्या जरा खाली त्याला हवा शिरायला भोक पाडायला हवं. खालची टाकी अर्धी रिकामी ठेवायची. स्किमर हलवायचा. वायरिंगपासून तर परमेश्वरच वाचवो! तुम्हा दोघांना या यंत्राबरोबर एकटं सोडलं तर महिन्याभरात ती बाई होडी घेऊन वर येईल."

"मग, बाबा?"

चीफनी एकदा टाकीकडे पाहिलं, एकदा लेकीकडे.

"एकच अट. यातल्या एकाही बटणाला तुम्ही हात लावायचा नाही. मी येतोय इथे राहायला."