पोर्ट उघडणारे इनासकाका

आमच्या बिल्डिंगमध्ये इंटरनेट बंद पडलं की आधी पापस्वीकार करावा लागतो. मी गणपती बसवणारा, तळमजल्यावरचे शेखभाई रोजे ठेवणारे, पण सवलत कोणालाच नाही. चौथ्या मजल्यावर चढायचं, इनासकाकांच्या हॉलमधल्या स्टुलावर बसायचं आणि ते चष्मा पुसेपर्यंत गप्प राहायचं. मग चष्मा नाकावर जातो आणि प्रश्न येतो, "काय लावलंस?"

खोटं बोलून उपयोग नसतो. त्यांना आधीच कळलेलं असतं.

चंदनसारच्या आमच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे, पण फक्त नकाशात. तिच्या जागेत सायकली राहतात. इनासकाका लोपीस मूळचे राजोडीचे. मुंबईत एका बँकेचं नेटवर्क सांभाळण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाले, काकी गेल्या, मुलगी कॅनडात स्थिरावली. सोसायटीने सगळ्यांत मिळून इंटरनेटची एकच मोठी लाइन घ्यायची ठरवली, तेव्हा ती घरोघरी वाटून देणारं यंत्र, म्हणजे स्विच, काकांनी आपल्या हॉलमध्ये मागून घेतलं. येशूच्या तसबिरीखाली ती काळी चपटी पेटी बसलीय. तिच्या तोंडावर भोकांच्या दोन रांगा, तेच पोर्ट. एकेका पोर्टातून निळी वायर निघून एकेका घरात जाते, आणि पोर्टावर मोहरीएवढा हिरवा दिवा लुकलुकत असतो.

भोकात वायर खुपसली की झालं, अशी माझी समजूत होती. काकांनी ती पहिल्याच भेटीत मोडली. पोर्टाला वेग ठरवून द्यावा लागतो. एका घरचं दुसऱ्या घराला दिसू नये म्हणून भिंत घालावी लागते. रिकामी पोर्टं बंद करून ठेवावी लागतात. आणि प्रत्येकाला नाव द्यावं लागतं. आता नाव म्हणजे फ्लॅटचा नंबर पुरला असता. पण माझ्या पोर्टाचं नाव आहे 'उशिरा उठतो'. जोशीबाईंचं 'सिरियल'. आमचे सेक्रेटरी गावडे यांचं नुसतंच 'तक्रार'.

सगळ्यात कडक नियम म्हणजे एका पोर्टाला एकच यंत्र. घरातला राउटर पहिल्यांदा जोडला की पोर्ट त्याची ओळख मनात धरून ठेवतं. त्याच्या जागी दुसरं काही लावलं की डोळा मिटून घेतं.

"लग्न लागलंय त्यांचं," काका म्हणतात. "तू मध्येच दुसरी आणून उभी केलीस, तर पोर्ट काय केक कापेल?"

मग पापी माणूस जिना चढतो. कोणाच्या मुलाने गेमसाठी लॅपटॉप थेट वायरीला लावलेला असतो, कोणी मेव्हण्याचा राउटर चालतो का बघितलेलं असतं. काका सगळं ऐकतात, मान हलवतात आणि प्रायश्चित्त देतात. एक कप चहा आणि आगाशीची सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली गोड केळी. चहा संपेपर्यंत त्यांचा हात कीबोर्डकडे जात नाही. जोशीबाई एकदा म्हणाल्या, "काका, मला जरा घाई आहे हो." काका म्हणाले, "तुला असेल. पोर्टाला नाय."

माझी भाची मेघना पुण्याला हेच काम करते. दिवाळीत ती आली तेव्हा मी तिला वर घेऊन गेलो. काकांनी स्विचमध्ये लिहून ठेवलेल्या सगळ्या सूचना तिला पडद्यावर दाखवल्या. सुनेला दागिने दाखवावेत तशा, एकेक ओळ, थांबून थांबून. तिनेही मनापासून बघितलं.

उतरताना ती म्हणाली, "मामा, रुसलेलं पोर्ट पाच मिनिटांनी आपोआप उघडायची सोय असते त्यात. दोन ओळी लिहायच्या. आपला राउटर परत जागेवर लावला की झालं, कोणाला वर यायलाच नको."

"मग विसरले असतील."

"इतकं जपून लिहिणारा माणूस?"

मी पायरीवर थांबलो. नाताळ सोडला तर काकांच्या दाराबाहेर परक्या चपला दिसतात त्या फक्त पोर्ट रुसल्यावर. मेघनाला म्हटलं, हे खाली कोणाला बोलू नकोस.

पण सोसायटीच्या सभेत गावडे उठलेच. "हे स्विच काढून टाकू या. कंपनी प्रत्येक घराला वेगळी लाइन द्यायला तयार आहे. इथे नेट गेलं की चार मजले चढा आणि वर गोड चहा प्या. माझी शुगर वाढलीय." लोक हसले. गावडे काकांकडे वळले. "काय हो काका, आपोआप चालू व्हायची काही सोय नाही का त्यात?"

काकांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले. रविवारचा चर्चमधला मिस्सा न चुकवणारा माणूस. खोटं बोलता येईना, आणि खरं सांगितलं तर गावडे विचारणार, मग इतके दिवस का नाही केलंत?

शाळेच्या नाटकात मी कायम भालदार. ती सगळी कसर त्या दिवशी भरून काढली. उभा राहिलो, घसा साफ केला आणि म्हणालो, "गावडेसाहेब, माझी भाची त्यातलीच आहे. तिने स्वतः तपासलंय. या मॉडेलला ती सोयच नाही."

गावडे बसले. तक्रारी चालूच राहिल्या तर पुढच्या सभेत स्विच काढायचं, असं ठरलं. काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

त्या रविवारी आमच्या हिने ऑफिसचा लॅपटॉप थेट वायरीला लावला आणि नेट गेलं. मी राउटर जागेवर जोडला, शर्ट चढवला, चप्पल शोधत होतो. तेवढ्यात ही आतून म्हणाली, "अहो, राहू द्या. आलं."

काकांनी त्या दोन ओळी लिहून टाकल्या होत्या.

मग तक्रारी संपल्या. गावडे जिन्यात भेटले की म्हणायचे, "चाललंय की छान, कशाला काढायचं?" स्विच वाचलं. चौथ्या मजल्यावरच्या चपला मात्र दिसेनाशा झाल्या.

एका शनिवारी संध्याकाळी मी चढून गेलो. काका फडक्याने स्विचवरची धूळ टिपत होते. धूळ नव्हतीच.

"पोर्ट रुसलंय, काका."

त्यांनी पेटीकडे बघितलं. मीही बघितलं. 'उशिरा उठतो'चा हिरवा दिवा दोघांच्या तोंडावर निर्लज्जासारखा लुकलुकत होता. काकांनी चष्मा काढला. या वेळी पुसायला फार वेळ लागला. मग त्यांनी स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"काय लावलंस?"

"काहीच नाही. खोटं बोललो. सभेत पण आणि आत्ता पण."

"दोन पापं," काका म्हणाले आणि आधण ठेवायला उठले. "दोन कप प्यावे लागतील."