शोभेची खूण

बापू पवार संगणकाचा पडदा बंद करून काम करतात. म्हणजे फाइल तयार करताना पडदा चालू असतो. पण तयार झाली, की पडदा बंद, कानटोपी डोळ्यांवर ओढलेली, आणि मग तासगावच्या ऐन उन्हाळ्यात हा माणूस कानटोपीत बसून अख्खी फाइल ऐकतो. कॉलेजात नवीन आलेले लोक मला हळूच विचारतात, "यांची तब्येत बरी आहे ना?" मी सांगतो, त्यांची बरी आहे, माझी बघा.

कारण बापूंच्या शेजारी बसून मला रक्तदाब जडलाय. मी कदम, कॉलेजचा क्लार्क. वेळापत्रक, सूचना, वार्षिक अंक, जे काही पीडीएफ होऊन वेबसाइटवर जायचं, ते वेळेत चढवायची जबाबदारी माझी. आणि बापूंच्या हातून काही लवकर सुटत नाही. आमच्या इतिहासाच्या शिंदे मॅडमना दिसत नाही. त्यांचा संगणक त्यांना फाइल वाचून दाखवतो, पण ती नीट बांधलेली असेल तरच. शीर्षक कोणतं, आधी कोणता रकाना वाचायचा, चित्रात काय आहे, हे सगळं फाइलीच्या पोटात लिहून ठेवावं लागतं. ते काम बापूंचं. सॉफ्टवेअर शेवटी तपासणी करून हिरवी खूण दाखवतं. माझा जीव भांड्यात पडतो. बापूंचा पडत नाही.

"हिरवं काय, मशीन उठसूट दावतंय. फोटोतल्या बेदाण्याला दगडाचा ढीग म्हनणारं मशीन त्ये! ऐकल्याबिगर सोडायचं न्हाई, गड्या."

फौजेत बापू सिग्नलला होते. निरोप पोचला का, हा घोर त्यांना तिथं लागला आणि पेन्शन घेतल्यावरही सुटला नाही. परीक्षेचं वेळापत्रक एकदा त्यांनी अडवून धरलं, कारण आवाज आधी सगळ्या तारखा वाचत होता आणि मग सगळे विषय. प्राचार्य माझ्यावर डाफरत होते, बाहेर पोरं खोळंबली होती, आणि बापू कानटोपीत शांत बसले होते.

खरी पंचाईत फोटोंची. फोटोला एकतर वर्णन लिहायचं, नाहीतर तो 'शोभेचा' आहे अशी खूण करायची. खूण केली, की वाचणारा आवाज तो गाळून पुढं जातो. ही सोय वेलबुट्टी, चौकटी यांच्यासाठी. बापूंनी ती जरा सढळ हातानं वापरली. फेटे शोभेचे, शालश्रीफळं शोभेची. वार्षिक अंकात मनोगताशेजारचा अध्यक्षांचा फोटोही शोभेचा!

"आवं बापू, अध्यक्ष हाईत त्ये!"

"मग? कॉलेजची शोभाच हाय की ती."

आणि या माणसाच्या नोकरीची मुदतवाढ त्याच अध्यक्षांच्या सहीसाठी थांबलेली. बायको वारली, मुलगा फौजेत, सून-नातवंडं त्याच्याबरोबर. कॉलेज सुटलं, तर हा माणूस दिवसभर कुणाशी बोलणार? मला रात्री झोप लागेना. बापू मात्र निवांत.

अंकाच्या प्रकाशनाच्या दिवशी अध्यक्ष म्हणाले, "लावा की तो वाचणारा आवाज जरा. बघू, आमच्याबद्दल काय म्हनतंय." आवाज अध्यक्षांच्या फोटोवरून ढांग टाकून थेट मनोगतात घुसला. मी मनातल्या मनात गणपतीला नारळ बोललो. मग वृक्षारोपणाचं पान आलं. त्या फोटोत अध्यक्ष मधोमध, हातात झारी. बापूंनी आपल्याच बोलीत लिहिलेलं वर्णन आवाजानं अगदी सरळ सुरात वाचलं:

"शालनमावशी वाकून रोप धरत्यात. पदर कमरंला खोचलाय. हातांना चिखुल हाय. बाकीचे लोक कॅमेऱ्याकडं बघत्यात."

चहाचा ट्रे घेऊन मागं उभ्या असलेल्या आमच्या शिपाई शालनमावशी जागच्या जागी थिजल्या.

"बाकीचे?" अध्यक्ष म्हणाले.

बापू उठले. "सायेब, तुमाला समदा तालुका वळखतो. मावशीला कोन वळखतंय? म्हनून तिचं जरा जास्त लिवलं."

अध्यक्ष हसले. मग सगळेच हसले. मला वाटलं, निभावलं. पण मुदतवाढ काही आली नाही. त्यामुळंच आली नाही का, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

निरोप समारंभ झाला. त्याचं वार्तापत्रही बापूंनीच तयार केलं, आणि या वेळी कधी नव्हे ते वेळेत दिलं. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. दुसऱ्या दिवशी शिंदे मॅडम आमच्या खोलीत आल्या. "कदम, बापूंच्या पानावर त्यांचा फोटो नाही घेतला?"

मी फाइल उघडली. फोटो होता, चांगला अर्धं पान भरून. त्याच्यावर शोभेची खूण होती.

"बापू, ह्ये काय?"

"काय बघायचंय त्यात?" टेबलाचा खण आवरता आवरता बापू म्हणाले. "घरला तरी कोन बघाया हाय? वाचत जाऊ दे फुडं."

मला फार वाईट वाटलं. बोलल्या त्या मॅडम.

"बापू, तुमच्यामुळं मला मावशींचा पदर माहीत आहे, प्राचार्यांचं टक्कल माहीत आहे. या कॉलेजात फक्त तुम्ही कसे दिसता, तेवढं मला माहीत नाही."

बापू खण तसाच उघडा ठेवून उभे राहिले. मी खूण काढली, कीबोर्ड पुढं ओढला आणि लिहायला लागलो: बापू पवार खुर्चीत बसले आहेत. उंच, सावळे. मिशा काळ्याभोर.

"पांढऱ्या लिव," मागून आवाज आला. "मॅडमला खोटं सांगायचं न्हाई."

मी पांढऱ्या केल्या. पुढं लिहिलं: गळ्यात हार आहे, तो टोचतो आहे. बाकीचे लोक बापूंकडे बघत आहेत.

फाइल चढवायला मी हात पुढं केला, तर बापूंनी तो धरला. ऐकल्याबिगर कसं सोडणार? पडदा बंद केला, कानटोपी खाली ओढली आणि बसले. आवाजानं सगळं वाचलं. कुठंही अडखळला नाही.

बापूंनी कानटोपी वर केली नाही.

"पुन्यांदा लाव," ते म्हणाले.