दादबाची हिरडी आणि शास्त्रीबुवांची जळमटं

एका जंगलात, बाळांनो, प्राणी म्हातारे झाले की विसरायला लागायचे. आधी पाणवठा विसरायचे, मग वाट, मग पोटची पोरं. तुमच्या घरी असं कोणी असेल तर हसू नका. हसण्याजोगं पुढे पुष्कळ आहे.

त्या जंगलात दादबा नावाचा म्हातारा गवा होता आणि त्याच्या पाठीवर सगुणा नावाची साळुंकी. गव्यांच्या अंगावरचे गोचीड वेचायचे, जखमा साफ करायच्या, हा तिच्या घराण्याचा धंदा. एवढीशी असल्यापासून ती दादबाच्या पाठीवरच वाढली. तो तिला लाडानं 'सगू' म्हणायचा. अलीकडे मात्र मधूनच मान वळवून विचारायचा, "कोण गं बाई तू? कुणाकडची?"

"मी सगू, दादबा," सगुणा त्याच्या कानाशी जाऊन सांगायची.

पण रडत बसणाऱ्यातली ती नव्हती. तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. दादबाची मागची दाढ किडली होती. हिरडी सुजून पू भरला की त्या आठवड्यात तो जास्त विसरायचा. सगुणानं चोचीनं पू काढला, सूज उतरली, की चार दिवसांत हाक यायची, "सगू, होतीस कुठं?" असं एकदा नाही, पाचदा झालं.

"योगायोगही असेल," ती स्वतःशी म्हणाली. "पण बघायला नको?"

बघायचं तर शंभर म्हाताऱ्यांच्या तोंडात वर्षभर डोकावायला हवं. त्याला चाळीस साळुंक्या हव्यात आणि त्यांच्या पोटापाण्याची सोय. ती सोय होती सिंहमहाराजांच्या वार्धक्य संशोधन मंडळाकडे. संशोधकांसाठी मंडळानं एक अख्खा उंबर राखून ठेवला होता. ज्याला फांदी मिळेल त्यानं तिची फळं खावीत आणि शोध लावावा.

उंबराच्या शेंड्यावर घुबडशास्त्री बसायचे. त्यांचं म्हणणं असं, की म्हातारपणी डोक्यात जळमटं होतात, म्हणून विसरायला होतं. तीस वर्षं जी ती फांदी जळमटांकडेच जात होती. कानातून घालायच्या केरसुण्या निघाल्या, नाकातून घालायचे कुंचे निघाले. डोकी लख्ख झाली. म्हातारे होते तसेच विसरत राहिले. "म्हणजे केरसुणी उशिरा घातली," शास्त्रीबुवा म्हणायचे आणि आणखी एक फांदी घ्यायचे.

दादबाला कळपाच्या हवाली करून सगुणा मंडळापुढे गेली.

"हे पूर्वी कोणी सिद्ध केलंय का?" शास्त्रीबुवांनी विचारलं.

"नाही जी. म्हणून तर करायचंय."

"जे सिद्ध नाही, त्याला मंडळ फांदी देत नाही."

"आणि सिद्ध झालेलं असतं तर?"

"मग फांदी हवी कशाला?"

सभा खो खो हसली. अशा सभांना हसायला फारसं लागत नाही.

मग शास्त्रीबुवा महाराजांच्या कानाशी गेले. "महाराज, वडीलधाऱ्यांच्या तोंडात बघायचं नाही, हा आपला रिवाज. आज ही दादबाच्या तोंडात डोकावते, उद्या कुणाच्या?"

महाराजांनी चटकन तोंड मिटलं. गेली तीन वर्षं दरबारी मंडळी वाऱ्याची दिशा बघूनच त्यांच्यासमोर बसत होती, पण त्याबद्दल ब्र काढायची कोणाची छाती नव्हती. मिटल्या तोंडानंच हुकूम सुटला, अर्ज तज्ज्ञांकडे पाठवा.

तज्ज्ञ तिघे होते. पहिले शास्त्रीबुवांचे जावई, दुसरे त्यांचे पट्टशिष्य आणि तिसरे केरसुण्या वळायचे. सगुणाला वाटलं, चार दिवस थांबू. फांदी मिळाली तर एकट्या दादबाचं नाही, सगळ्यांचंच भलं होईल. भोळी बिचारी! ती आठ दिवस थांबली. नवव्या दिवशी मत आलं, "कल्पना रंजक आहे, परंतु अर्जात जळमटांचा उल्लेख नाही."

ती जीव मुठीत धरून परत उडाली.

कळपानं दादबाला जिवापाड जपलं होतं. कोवळा चारा दिला, रात्रंदिवस राखण केली. फक्त तोंडात कोणी बघितलं नव्हतं. रिवाज म्हणजे रिवाज. दादबाचा अर्धा चेहरा सुजला होता, अंग तापानं भाजत होतं.

सगुणानं पू काढला. दुसऱ्या दिवशी काढला, तिसऱ्याही दिवशी काढला. ताप उतरला. सूज उतरली. चार दिवस झाले, आठ झाले. हाक काही येईना.

शेवटी एका सकाळी दादबानं मान वळवली.

"पोरी," तो म्हणाला, "आमची सगू बघितलीस का गं कुठं? एवढीशी आहे. आई नाही तिला."

"बघते हं दादबा," सगुणा म्हणाली. "असेल इथंच."

आता तुम्ही विचाराल, सगुणाचं बरोबर होतं का? कुणास ठाऊक, बाळांनो. कोणी बघितलंच नाही. त्या वर्षी शास्त्रीबुवांना उरलेली एक फांदीही मिळाली.

तात्पर्य: एखाद्या रोगाचं कारण शोधायला निघण्याआधी तो रोग कोणाच्या मालकीचा आहे, याची चौकशी करावी. आणि काहीही झालं तरी मोठ्यांचा मान राखावा. मोठे राहिले नाहीत तरी चालतं.