संशयित इसम, हातात निळी फाईल

सोमवारी सकाळी सव्वादहाला वरच्या ऑफिसातून सदतीस रकान्यांचा फॉर्म आला आणि बाराव्या रकान्यात शून्य भरायची पाळी आली.

फॉर्म भरणाऱ्याला सगळे ‘रकाने’ म्हणत. हे काही त्याचं आडनाव नव्हतं. पण पाच वर्षं तो रकानेच भरत होता, त्यामुळे खरं आडनाव वापराअभावी बंद पडलं होतं. त्याचं ज्येष्ठांसाठीचं केंद्र औषधाच्या दुकानाच्या वर, दोन खोल्यांत होतं. पहिल्या खोलीत तो आणि फोन. दुसऱ्या खोलीत दर बुधवारी बाईंचा वर्ग. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. उपचारांच्या नावाखाली म्हाताऱ्या माणसांना कसं गंडवतात आणि त्यांनी कसं गंडायचं नाही, हे त्या चाळीस ज्येष्ठांना शिकवत. गुडघ्याचा पट्टा फुकट देतो म्हणून आरोग्य कार्डाचा नंबर विचारणारे फोन, न झालेल्या तपासण्यांची बिलं, सगळं. वर्गातल्या निवृत्त स्टेशनमास्तरांच्या कार्डावर एकदा कुणीतरी बाळंतपणाचं बिल लावलं होतं. त्या दिवसापासून ते पहिल्या बाकावर बसत.

बाराव्या रकान्यात विचारलं होतं, ‘वर्षभरात किती ज्येष्ठांनी फसवणुकीचा प्रयत्न ओळखून कळवला?’ रकानेनं वरच्या ऑफिसातल्या मॅडमना फोन लावला.

“मॅडम, बाराव्यात शून्य येतंय.”

“शून्य म्हणजे काम झालेलं नाही.”

“काम झालंय म्हणूनच शून्य आहे. आमच्या भागात भामटे फिरकतच नाहीत. फोन केला की आमचे आजोबा त्यांनाच अर्धा तास उलटे प्रश्न विचारतात.”

“भामटे येत नसतील तर तुमची गरज काय?”

“आम्ही आहोत म्हणून ते येत नाहीत, मॅडम.”

“त्याला रकाना नाही,” मॅडम म्हणाल्या. मग जरा मऊ होऊन त्यांनी वाट दाखवली. निदान तीस ज्येष्ठांनी ‘मला उपयोग झाला’ असं लिहून सही करावी, आणि पडताळणीसाठी आरोग्य कार्डाचे शेवटचे चार आकडे द्यावेत. शुक्रवारी पाचपर्यंत. नाहीतर पुढच्या महिन्यात केंद्राला कुलूप.

रकानेला स्वतःची फारशी चिंता नव्हती. रकाने जगात कुठेही असतात. पण बुधवार बंद झाला तर बाईंनी कुणाला शिकवायचं? त्या मंगळवारपासूनच तयारीला लागत आणि गुरुवारी दिवसभर त्याबद्दल बोलत. म्हणजे आठवड्यातले तीन दिवस गेले असते.

मंगळवारी त्यानं फोनची यादी घेतली. पहिल्या अकरा जणांनी ‘कार्ड’ हा शब्द ऐकताच फोन ठेवला. बाराव्या काकूंनी ठेवला नाही, पण पलीकडून भोंग्याचा आवाज काढला. तेरावा नंबर त्याच्या सख्ख्या मावशीचा होता. त्याचा जीव भांड्यात पडला.

“मावशी, मी बोलतोय गं.”

“मी कोण?”

“तुझा भाचा!”

“बाई म्हणतात, ओळखीचा आवाज काढणारे सगळ्यात धोक्याचे. सांग बघू, लहानपणी तू कुठून पडला होतास?”

“तुझ्या गच्चीच्या जिन्यावरून. हनुवटीला तीन टाके.”

“हे अख्ख्या कॉलनीला माहीत आहे,” मावशी म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

बुधवारी त्यानं बाईंनाच गळ घातली. बाईंनी चष्मा पुसला, खडू खाली ठेवला आणि वर्गाला सांगितलं, “हे बघा, केंद्र टिकवायचं असेल तर शुक्रवारच्या आत प्रत्येकानं या कागदावर सही करायची आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे लिहायचे. मी स्वतः सांगते आहे.”

सगळ्यांनी कागदाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. मग स्टेशनमास्तर हसले. त्यांच्या मागचे आजोबा हसले. बघता बघता अख्खा वर्ग खिदळायला लागला.

“बाई, एवढं सोपं जाळं?” स्टेशनमास्तर म्हणाले. “तुम्हीच नाही का शिकवलंत? सांगणारं माणूस विश्वासाचं असेल तर जास्त जपायचं!”

“आणि घाई करतात तेव्हा तर मुळीच नाही!” खिडकीजवळच्या आजी ओरडल्या. “ह्यांनी शुक्रवार सांगितलाय!”

“अहो, ही परीक्षा नाहीये,” बाई म्हणाल्या.

“परीक्षा नाही असं सांगणं हीच तर परीक्षा!”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कागद कोराच परत आला. बाई बाहेरच्या खोलीत आल्या तेव्हा त्यांचे डोळे पाणावले होते.

“बघितलंस? एकसुद्धा फसला नाही.”

“बाई, केंद्र बंद होईल.”

“होऊ दे. पण काय वर्ग आहे रे!”

आता एकच उपाय उरला होता, घरोघरी जाणं. गुरुवारी सकाळी रकानेनं निळी फाईल काखेत मारली, गळ्यात ओळखपत्र अडकवलं आणि चार गल्ल्यांतल्या चाळीस घरांच्या मोहिमेवर निघाला. बाईंनी प्रत्येक दाराच्या आत एक पत्रक चिकटवायला लावलं होतं, हे त्याला माहीत होतं. किंबहुना ते त्यानंच छापून आणलं होतं. अनोळखी माणसाला आत घेऊ नका. ओळखपत्रावर जाऊ नका. आलेला माणूस देईल तो नंबर लावू नका, पत्रकावरच्या नंबरला फोन करून खात्री करा. खात्री पटली नाही तर माणसाचं वर्णन लिहून केंद्राच्या पेटीत टाका.

स्टेशनमास्तरांनी साखळी न काढता फटीतून ओळखपत्र पाहिलं.

“हे तर कुणीही छापेल.”

“काका, काल केंद्रात तुम्ही मला पाहिलंत!”

“तू पाळत ठेवून त्याच्यासारखाच शर्ट शिवून घेतला असशील. थांब, खात्री करतो.” त्यांनी पत्रकावरच्या नंबरला फोन लावला.

तो नंबर रकानेच्या टेबलावरच्या फोनचा होता. केंद्रात दुसरं माणूस नव्हतं. रकाने फटीबाहेर उभा होता, आणि तिकडे रिकाम्या खोलीत फोन वाजून वाजून थकला.

“कुणी उचलत नाही,” स्टेशनमास्तर समाधानानं म्हणाले.

“कसं उचलणार? उचलणारा मीच आहे ना!”

“वा! हे नवीन आहे,” असं म्हणून त्यांनी वही काढली. “जरा उजेडात उभा राहतोस का? आणि फाईल वर धर.”

पुढच्या एकोणचाळीस घरांत थोड्याफार फरकानं हेच झालं. एका आजोबांनी त्याची उंची दारावरच्या खुणेनं मोजून घेतली. दोन बहिणींनी आपसांत वाद घातला की नाकाला ‘बसकं’ म्हणावं की ‘साधारण’, आणि शेवटी त्यालाच विचारलं. तो ‘साधारण’ म्हणाला. त्यांनी ‘बसकं’ लिहिलं. मावशीनं दार उघडलंच नाही, पण फटीतून पाण्याचा ग्लास बाहेर सरकवला. “भामटा असलास तरी ऊन फार आहे,” ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी तो केंद्रात पोचला तेव्हा जिन्यातल्या तक्रारपेटीचं झाकण वर आलं होतं. आत एकेचाळीस चिठ्ठ्या होत्या. स्टेशनमास्तरांनी दोन टाकल्या होत्या, एक इसम येतानाची आणि एक जातानाची. सगळ्यांमध्ये इसम, फाईल आणि शर्टाचा रंग तंतोतंत जुळत होता. मावशीनं लिहिलं होतं, ‘दिसायला हुबेहूब माझ्या भाच्यासारखा. पण भाचा इतक्या प्रेमानं बोलत नाही.’ रकानेनं ही चिठ्ठी दोनदा वाचली.

तेवढ्यात फोन वाजला. स्टेशनमास्तर होते.

“काल एक इसम आला होता. तुमच्या ऑफिसचं नाव सांगत होता.”

“काका, तो मीच होतो.”

“तोही हेच म्हणत होता,” स्टेशनमास्तर म्हणाले. “सावध राहा.”

पेटीत आलेली तक्रार चोवीस तासांत फॉर्मवर चढवायची, असा नियम होता. रकाने नियमाचा पक्का. त्यानं एकेचाळीस तक्रारी चढवल्या. फॉर्मनं आपणहून हिशेब करून बारावा रकाना भरला: चाळीसपैकी एकेचाळीस. केंद्र वाचलं होतं. गप्प बसलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. पण पाच वर्षांत त्यानं एकही खोटा आकडा भरला नव्हता, आणि ज्या केंद्रात लबाडी कशी ओळखायची हे शिकवतात, तिथूनच लबाडी वर पाठवायची म्हणजे फारच झालं. त्यानं शेरा लिहिला, ‘वरील सर्व तक्रारींतला संशयित इसम म्हणजे प्रस्तुत कर्मचारी.’ आणि पाचला पाच मिनिटं असताना फॉर्म पाठवून दिला.

पाच वाजून दोन मिनिटांनी मॅडमचा फोन आला.

“शेरा वाचला,” त्या म्हणाल्या.

“हो, मॅडम. मी खुलासा देतो.”

“खुलासा कसला? म्हणजे तुम्ही स्वतः भामटा बनून चाळीस घरांत गेलात? अचानक चाचणी घेतलीत?”

“मी तसा... खराच गेलो होतो.”

“इतके खरे वाटलात की चाळीसच्या चाळीस जणांनी तक्रार केली! अहो, बाकीची केंद्रं नुसती हजेरी पाठवतात. तीन वर्षं मुदतवाढ. आणि ऐका, हे आता सगळीकडे करायचं. तुम्हीच करायचं.”

“मी?”

“अनुभव कुणाला आहे?”

बाईंना मुदतवाढीची बातमी कळली तेव्हा त्यांनी लगेच पुढच्या बुधवारचा धडा बदलला आणि फळ्यावर काढायला रकानेचं नाक नीट पाहून घेतलं.

दुसऱ्या सोमवारी रकाने लेखी हुकूम घेऊन शेजारच्या गावी गेला. तिथल्याही केंद्राचा बारावा रकाना रिकामाच होता. पहिल्याच घरी बेल वाजवली. एका आजींनी दार सताड उघडलं.

“मी आरोग्य कार्डाच्या ऑफिसातून—”

“ये, ये, बस. पंखा लावते. हे घे कार्ड. डोळ्यांच्या दवाखान्याचंही हवंय का? थांब, पासबुकही आणते.”

रकाने सोफ्यावर बसला आणि घाबरला. आठवडाभर जे ऐकायला त्याचा जीव टांगणीला लागला होता, ते सगळं आजी न मागता देत होत्या. त्यानं कार्ड परत त्यांच्या मुठीत कोंबलं, फाईल मिटली आणि बोलायला सुरुवात केली. दीड तास बोलला. साखळी लावायला शिकवली. पट्ट्याचं सांगितलं, बाळंतपणाचं सांगितलं. आजी हसून हसून बेजार झाल्या, आणि मग एकदम गंभीर झाल्या.

“म्हणजे आत्ता तू भामटा असतास तर?”

“तर तुम्ही तक्रार करायची वेळ झाली होती. हा घ्या कागद. माझं वर्णन लिहा आणि केंद्रात द्या.”

“तुझी तक्रार? अरे, तू तर चांगला मुलगा आहेस.”

“आजी, लिहा.”

आजींनी चष्मा लावला आणि नाइलाजानं लिहायला घेतलं. बराच वेळ लागला. रकानेनं कागद हातात घेऊन वाचला: ‘संशयित इसम. स्वभावानं गरीब. बोलतो फार. जेव म्हटलं तर जेवला नाही.’