अकरा जणांचं समाधान

समाजकल्याणाच्या इतिहासाच्या वर्गात या वर्षी एकोणचाळीस विद्यार्थी होते. त्यांतले अकरा जण सव्वाशे वर्षांपूर्वी वारले होते.

यात कुणाचा फारसा दोष नव्हता. पहिल्याच तासाला उज्ज्वला खांबेटेबाईंनी मुलांना दाखवायला म्हणून एका जुन्या दुष्काळी आश्रयगृहाच्या नोंदवहीचं एक पान आणलं होतं. नुसतं दाखवण्यापेक्षा वाचलेलं बरं, म्हणून त्यांनी ते हजेरी घेतात तसं मोठ्यानं वाचलं. "गिरजा भ्रतार म्हसू." मागच्या बाकावरून आवाज आला, "हजर." बाईंच्या हातात पेन होतं आणि सवय चौदा वर्षांची. त्यांनी हजेरीपटात नाव चढवून खूण केली. "सटवा वलद राणू." "हजर जी." अकराच्या अकरा नावं झाली. दुसऱ्या दिवशीही ते सगळे आले. हजेरीपटात एकदा चढलेलं नाव विद्यार्थ्याच्या स्वतःच्या अर्जाशिवाय कमी करता येत नाही, असं कार्यालयानं कळवलं, आणि तसा अर्ज त्यांच्यापैकी कुणी केला नाही.

ही अकरा मुलं चांगली होती. वेळेवर यायची. जिवंत अठ्ठावीस जणांपेक्षा त्यांची उपस्थिती जास्त भरली. बाकावर बसायला मात्र ती शेवटपर्यंत तयार झाली नाहीत. मागे भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसायची.

अडचण आली ती मूल्यमापनाच्या वेळी. विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमाचं मूल्यमापन करायचा अर्ज शनिवारी पाचपर्यंत भरून द्यायचा होता. एक जरी अर्ज कमी पडला तरी विषय बंद, आणि सरासरी चारच्या खाली गेली तरी बंद. विषय बंद म्हणजे बाईही बंद, कारण त्या तासिका तत्त्वावर होत्या, दरवर्षी नव्यानं नेमलेल्या. स्वतःच्या मुलांचं सगळं मार्गी लावून, बेचाळिसाव्या वर्षी परीक्षा देऊन त्यांनी हे काम मिळवलं होतं. घरात देव्हाऱ्यापुढं बसलं की जे वाटायचं, तेच त्यांना फळ्यापुढं उभं राहिलं की वाटायचं. ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

जिवंत विद्यार्थ्यांनी पाच मिनिटांत मोबाईलवर अर्ज भरले. सगळ्यांनी न वाचता पाचपैकी पाच दिले आणि कॅन्टीनला गेले. अकरा जणांनी अंगठा लावायचे छापील कागद हातात घेतले, उलटसुलट केले आणि जमिनीवर ठेवून दिले.

शनिवार उजाडला तरी कागद तिथंच.

बाईंना त्या दिवशी संकष्टी होती. सकाळपासून त्या वर्गातून कार्यालयात आणि कार्यालयातून वर्गात अशा येरझाऱ्या घालत होत्या. पर्स एकदा इथं राहायची, एकदा तिथं. विभागप्रमुख शिरगुप्पे सरांनी त्यांना व्हरांड्यात थांबवलं.

"मॅडम, एवढं काय घेऊन बसलात? अंगठेच उठवायचे आहेत ना? तुम्हाला दहा बोटं आहेत."

"आणि अकरावा, सर?"

"अकरावा मी देतो की!" सर हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "हे बघा, त्यांची काय तक्रार येणार आहे? कोण विचारतंय त्यांना?"

तेच वाक्य डोक्यात घोळवत बाई वर्गात परत आल्या. पदर खोचून खाली जमिनीवरच बसल्या, गिरजेसमोर. गिरजा त्या अकरा जणांची न नेमलेली वर्गप्रतिनिधी होती. कपाळाला गोंदण, आवाज फाटका.

"गिरजाबाई, अर्ज का नाही भरत तुम्ही? माझं काही चुकलं का?"

"त्यात काय लिवलंय ते वाच आदी."

"'अभ्यासक्रमाबद्दल एकूण समाधान, एक ते पाच.' एवढंच आहे. पाच म्हणजे पूर्ण समाधान. एक म्हणजे मुळीच नाही."

मागे सगळ्यांची चुळबुळ झाली. सटवा उठून दाराजवळ जाऊन बसला.

"ह्यो कागद आमी वळखतो," गिरजा म्हणाली. "आमच्या हितं बी सायेब आला हुता. रांगेत हुबं क्येलं. म्हनला, समाधान हाय का? निम्मे म्हनले, हाय. तर म्हनला, समाधान हाय तर पावशेर कमी दिलं तरी भागंल. निम्मे म्हनले, न्हाई. त्यांची नावं काटली. येक म्हातारा काय बोललाच न्हाई, तर त्येला बहिरा म्हनून लिवलं आन् दुसऱ्या गावाला धाडलं. आता तूच सांग, कुटं अंगठा लावू?"

बाईंनी पाणी प्यावं म्हणून बाटली काढली, घोटभर घेतलं, बाहेर व्हरांड्यात कुणीतरी डबा उघडला होता तिकडून नजर वळवली. गिरजेच्या डोळ्यांतून ते सुटलं नाही.

"तू का खाईना? सकाळधरनं बगतीया. तुजं बी नाव काटलं का काय?"

"नाही हो. उपास आहे माझा. संकष्टी."

"कुनी लावला?"

"कुणी नाही. मीच धरते. वीस वर्षं झाली."

"आपनहून?"

"आपणहून."

गिरजा मागं वळली. "आयकलं का रं? ही आपनहून उपाशी ऱ्हाती!" आणि अकराच्या अकरा जण हसायला लागले. सटवा दारापासून हसत परत आला. तोंडाला पदर लावून, मांडीवर थापा मारून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ते हसले. बाई आधी ओशाळल्या, मग त्यांनाही हसू आवरेना.

"आन् कवा सोडती?"

"चंद्र दिसला की."

"आन् न्हाईच दिसला तर?"

"पंचांगात वेळ असते. त्या वेळेला सोडायचा."

"बरंय बाई तुजं," गिरजा म्हणाली. "आमाला कुनी वेळच सांगितली न्हाई."

बाईंना पुस्तकातलं तोंडपाठ वाक्य आठवलं: 'आश्रयगृहात प्रत्येकास रोज दीड शेर ज्वारी मिळे.' दरवर्षी तीन गुणांना यायचं. या वर्षी ते शिकवताना मागं काहीतरी कुजबुज व्हायची. बाई तेव्हा म्हणायच्या, मागच्यांनो, शांत.

"गिरजाबाई, तुम्हाला खरंच किती मिळायची ज्वारी?"

गिरजेनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाली, "आदी ह्या कागदाचं सांग. येकाला अंगठा लावला तर काय हुईल?"

बाई उठून कार्यालयात गेल्या, तिथले लिपिक गुंजाळ यांना विचारून आल्या, आणि जसं होतं तसं त्यांनी सांगितलं.

"तुम्हाला काही होणार नाही. नाव कुणाचंही कमी होणार नाही. सरासरी खाली जाईल आणि हा विषय बंद होईल. मलाही पुढच्या वर्षी बोलावणार नाहीत."

"आन् पाचाला लावला तर?"

"तर पुढच्या वर्षीही पुस्तकात दीड शेरच राहील."

पावणेपाच वाजले होते. बाईंना वाटलं, निदान तीनला लावा म्हणावं. ओठांवर आलेलं त्यांनी गिळलं. उपास फक्त पोटाचाच नसतो, एवढं त्यांना वीस वर्षांत कळलं होतं. त्यांनी पर्समधून शाईचं पॅड काढलं आणि गिरजेपुढं ठेवलं.

अकरा अंगठे उठले. सगळे एकावर. खाली 'सूचना' असा रकाना होता. तिथं गिरजेनं सांगितलं आणि बाईंनी अकराही अर्जांवर स्वतःच्या हातानं लिहिलं: 'दीड शेर खोटं हाय.'

पाचला तीन मिनिटं कमी असताना अर्ज जमा झाले.

सोमवारी गुंजाळांनी बाईंना बोलावलं. समोर फाईल होती. "मॅडम, सरासरी तीन पूर्णांक सत्त्याऐंशी आली. म्हणजे विषय बंद करायला हवा."

"हो," बाई म्हणाल्या. रात्रभर त्या तयारीतच होत्या.

"पण करता येत नाही. मजकुराबद्दल अकरा लेखी तक्रारी आहेत. तक्रार प्रलंबित असताना विषय बंद करता येत नाही, अध्यापकही बदलता येत नाही. आधी तक्रारदारांकडून माहिती घेऊन मजकूर दुरुस्त करायचा. मग त्यांनी समाधान झालं असं लिहून दिलं, अंगठा लावला, की लगेच बंद करू." त्यांनी फाईल पुढं सरकवली. "किती दिवस लागतील?"

"ते त्यांना विचारावं लागेल," बाई म्हणाल्या.

"समाधान झालं म्हणतील ना?"

"अजून कधी म्हणाले नाहीत."

गुंजाळांनी रकान्यात 'चालू' असं लिहिलं आणि पुढची फाईल उघडली.

अठ्ठावीस विद्यार्थी परीक्षेच्या अभ्यासाला घरी गेले होते, त्यामुळे वर्ग मोकळा होता. बाई आत गेल्या, मागे भिंतीशी सटवाच्या शेजारी मांडी घालून बसल्या आणि कोरी वही उघडली. गिरजा पुढं, फळ्यापाशी, उभी राहिली. खडू तिनं हातात घेऊन पाहिला, वास घेतला, परत ठेवला.

"लिव," ती म्हणाली. "पयल्या दिवशी काय बी मिळालं न्हाई."

बाईंनी लिहिलं. "दुसऱ्या दिवशी?"

"थांब की," गिरजा म्हणाली. "पयला दिवस लई मोटा हुता."