कापड्याचं वाळवंट

कापडे गावातल्या धोंडूच्या राबाच्या तुकड्यात सरकारने यंत्र पुरलं ते तुकडा सपाट दिसला म्हणून. यंत्राने जमिनीतली ऊब आणि ओल महाडच्या कॉम्प्युटरला कळवायची, कॉम्प्युटरने सल्ला द्यायचा आणि त्या सल्ल्यावर साऱ्या जगाचं पोट भरायचं, असा दिल्लीचा बेत होता. अनुदान आलं होतं, शेतकी अधिकारी कमलाकर साहेबांचा सत्कारही झाला होता.

"जगाचं भरंल वो," जानकीबाई नवऱ्याला म्हणाली, "पण राब भाजला नाय तर आपली भाताची रोपं कुठं उगवायची?"

एप्रिलात धोंडूने दरवर्षीसारखा शेण-पाला पसरून तुकडा भाजला. यंत्राच्या डोक्यावर आठवणीने ओलं गोणपाट टाकलं. बुडाला मात्र चटके बसलेच. महाडच्या कॉम्प्युटरने ऊब एकोणसत्तर अंश आणि ओल शून्य पाहून परस्पर दिल्लीला कळवलं : वाळवंट. भात नको, खजूर लावा.

महिन्यात खजुराची शंभर रोपं दारात.

"साहेब, चूक झाली म्हणून कळवा की," धोंडू कमलाकर साहेबांना म्हणाला.

"कुणाला? कोकणातलं पहिलं वाळवंट म्हणून दिल्लीत टाळ्या पडल्यात! खजूर दिसला नाही तर तुकडा पाच वर्षं सरकारकडे जाईल. करारावर तुझी सही आहे."

"ती चहा घेतल्याची नव्हती?"

धोंडूने खजूर बांधावर लावला, तुकड्यात भात पेरला. जूनच्या पुराने खजूर सावित्री नदीत नेला, भात तेवढा तगला.

जुलैत दिल्लीचे तीन साहेब वाळवंट बघायला आले. डोक्यावर टोप्या, डोळ्यांवर काळे चष्मे, सोबत पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन. पहिल्याच पावलाला मोठे साहेब गुडघाभर रुतले. धोंडूने त्यांना काखेत हात घालून उपसून काढलं, बूट आतच राहिला. यंत्राची नुसती काडी पाण्यावर, तिच्यावर बेडूक आणि भोवती हिरवीगार रोपं.

"गेला तुझा तुकडा," कमलाकर साहेब पुटपुटले, "आणि त्याच्यामागे मी."

मोठे साहेब रोपांकडे बघतच राहिले. "एप्रिलात इथे वाळवंट होतं?"

"होतं," कमलाकर साहेब म्हणाले.

"तीन महिन्यांत यंत्राने एवढं केलं?"

"असं यंत्र माज्या बापजन्मात बघितलं नाय, साहेब," धोंडू म्हणाला. त्यात खोटं काहीच नव्हतं.

ऑगस्टात कमलाकर साहेब हसतच आले. "तुकडा तुझाच राहिला रे! वर पन्नास यंत्रं मंजूर झालीत. पण प्रत्येकाला वाळवंट पाहिजे. आणू कुठून?"

"उमरठला माजी सासुरवाडी हाय, तितं घरोघर राब हाय," धोंडू म्हणाला. "एप्रिलात या. पायजे तेवडी देतो."